‘कंट्रोल’ : जॅनेट जॅक्सनचा १९८६ मधील अल्बम

‘कंट्रोल’ हा अमेरिकन पॉप गायिका जॅनेट जॅक्सन हिचा तिसरा स्टुडिओ अल्बम आहे. ए अँड एम रेकॉर्ड्स या कंपनीने तो ४ फेब्रुवारी १९८६ रोजी प्रकाशित केला. जिमी जॅम आणि टेरी लुईस या जोडीने मिनियापोलिस शहरातील आपल्या स्टुडिओत त्याची निर्मिती केली. ड्रम मशीनवर बांधलेले कडक ठेके, सिंथेसायझरचे तुटक सूर आणि १९ वर्षांच्या मुलीने स्वतःच्या आयुष्याबद्दल केलेले रोखठोक बोलणे, ही या अल्बमची ओळख. १९८० च्या दशकातील नृत्यप्रधान पॉप संगीतातील अत्यंत प्रभावी अल्बमांमध्ये त्याची गणना होते.

‘कंट्रोल’ या शब्दाचा अर्थ ताबा. या अल्बमपूर्वी जॅनेट काय गाणार, कुठे गाणार आणि कोणासोबत काम करणार, हे मुख्यतः तिचे वडील ठरवत. अल्बमच्या वेळी हे निर्णय ती स्वतः घेऊ लागली आणि तोच गाण्यांचा विषय झाला. हा बदल कसा घडला, त्याचा संगीतावर काय परिणाम झाला आणि त्याला कोणत्या मर्यादा होत्या, हे समजून घेतले की अल्बमचे महत्त्व लक्षात येते.

जॅक्सन कुटुंब आणि धाकटी मुलगी

जॅनेटचा जन्म १६ मे १९६६ रोजी अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील गॅरी या पोलाद उद्योगाच्या शहरात झाला. नऊ भावंडांमध्ये ती सर्वांत धाकटी. वडील जोसेफ जॅक्सन पोलाद कारखान्यात क्रेन चालवत. त्यांनी आपल्या मुलांचा ‘जॅक्सन फाइव्ह’ हा गायकवृंद उभा केला. मायकल जॅक्सन याच वृंदातून पुढे आला. मोटाउन या प्रसिद्ध संगीत कंपनीशी करार झाल्यावर कुटुंब लॉस एंजेलिसला स्थलांतरित झाले. जॅनेटला समज येईपर्यंत घरात पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही आले होते.

जोसेफ यांची शिस्त अतिशय कडक होती. तालीम, कार्यक्रम, करार या सगळ्यांवर त्यांची पकड असे. १९७४ मध्ये, वयाच्या सातव्या वर्षी, जॅनेट भावंडांसोबत लास व्हेगासच्या रंगमंचावर उभी राहिली. पुढे ती दूरचित्रवाणीवर आली. ‘गुड टाइम्स’ या लोकप्रिय मालिकेत १९७७ पासून तिने पेनी नावाच्या मुलीची भूमिका केली. ‘डिफरन्ट स्ट्रोक्स’ आणि ‘फेम’ या मालिकांतही ती दिसली. गायनापेक्षा अभिनयाकडे तिचा अधिक ओढा होता. मात्र घरातील इतरांप्रमाणे तिनेही गाणी ध्वनिमुद्रित करावीत, असा वडिलांचा आग्रह होता.

आधीचे दोन अल्बम का चालले नाहीत?

जोसेफ यांनीच जॅनेटसाठी ए अँड एम रेकॉर्ड्सशी करार केला. १९८२ मध्ये तिच्याच नावाचा पहिला अल्बम निघाला. १९८४ मध्ये ‘ड्रीम स्ट्रीट’ हा दुसरा अल्बम आला. त्याच्या निर्मितीत तिचा भाऊ मार्लन आणि डिस्को संगीतातील नामवंत संगीतकार जॉर्जिओ मोरोडर यांचा सहभाग होता. नावे मोठी होती, पण प्रतिसाद थंड मिळाला. अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाच्या अल्बम यादीत पहिला अल्बम ६३ व्या, तर दुसरा १४७ व्या क्रमांकापर्यंतच पोहोचला.

या दोन अल्बमांतील गाणी इतरांनी लिहिली होती आणि जॅनेटने ती येऊन गायली होती. त्या काळातील कोणत्याही होतकरू गायिकेला ती देता आली असती. ही मुलगी कोण आहे, तिला काय वाटते, हे त्यांतून कळत नव्हते. शिवाय मायकलच्या ‘थ्रिलर’ने १९८२ नंतर विक्रीचे सर्व उच्चांक मोडले होते. त्यामुळे जॅक्सन आडनावाच्या कोणत्याही नव्या गायिकेची तुलना थेट त्याच्याशी होणार, हे उघड होते.

याच सुमारास जॅनेटच्या खासगी आयुष्यातही उलथापालथ झाली. वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर काही महिन्यांतच, सप्टेंबर १९८४ मध्ये, तिने घरच्यांना न सांगता गायक जेम्स डीबार्ज याच्याशी लग्न केले. ते टिकले नाही आणि पुढच्याच वर्षी कायदेशीररीत्या रद्द झाले. ती पुन्हा आईवडिलांच्या घरी आली. दोन अल्बम अपयशी ठरले होते, लग्न मोडले होते आणि पुढची दिशा ठरलेली नव्हती. या टप्प्यावर तिने वडिलांच्या व्यवस्थापनातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला.

मिनियापोलिसची जोडी

ए अँड एम कंपनीतील अधिकारी जॉन मक्लेन यांनी जॅनेटच्या पुढच्या अल्बमची जबाबदारी घेतली. त्यांनी जिमी जॅम आणि टेरी लुईस यांची नावे सुचवली.

येथे एक शब्द स्पष्ट करायला हवा. मराठीत ‘निर्माता’ म्हटले की चित्रपटात पैसा घालणारी व्यक्ती डोळ्यांसमोर येते. अमेरिकन पॉप संगीतातील निर्माता वेगळा. गाण्याचा ठेका कोणता, वाद्ये कोणती, आवाज कसा नोंदवायचा आणि शेवटी सर्व थर एकमेकांत कसे मिसळायचे, हे तो ठरवतो. आपल्याकडील संगीत दिग्दर्शक, संगीत संयोजक आणि ध्वनिमुद्रक यांची बरीचशी कामे त्याच्याकडे एकवटलेली असतात.

जॅम आणि लुईस ‘द टाइम’ या बँडमध्ये वाजवत. हा बँड मिनियापोलिसचाच प्रसिद्ध संगीतकार प्रिन्स याने १९८१ मध्ये उभा केला होता. पहिल्या अल्बममधील बहुतेक वाद्ये प्रिन्सने स्वतः वाजवली होती. बँडमधील इतर वादक रंगमंचावर ते संगीत सादर करत. जॅम आणि लुईस यांनी स्वतंत्रपणे इतर कलाकारांसाठी काम सुरू केले. १९८३ मध्ये ‘एसओएस बँड’ या गटाच्या ध्वनिमुद्रणासाठी ते अटलांटा शहरात गेले असता अचानक हिमवर्षाव झाला, विमाने थांबली आणि ‘द टाइम’चा एक कार्यक्रम त्यांच्या हातून चुकला. प्रिन्सने त्यांना बँडमधून काढून टाकले.

ज्या कामासाठी त्यांना नोकरी गमवावी लागली, त्यातील ‘जस्ट बी गुड टू मी’ हे गाणे गाजले आणि निर्माते म्हणून त्यांचे नाव झाले. पुढील दोन वर्षांत शेरेल, अलेक्झांडर ओनील अशा गायकांसोबत त्यांनी यशस्वी गाणी केली. जॅनेटशी गाठ पडली तेव्हा ही जोडी एका प्रबळ माणसाच्या छायेतून बाहेर पडून आपली वाट शोधत होती. जॅनेटची परिस्थिती फार निराळी नव्हती.

अल्बम कसा तयार झाला?

जॅम आणि लुईस यांची मुख्य अट अशी होती की ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिसमध्ये होणार नाही. ते मिनियापोलिसमधील त्यांच्या ‘फ्लाइट टाइम’ स्टुडिओत होईल आणि जॅनेटने सोबत मोठा लवाजमा आणू नये. १९८५ च्या उत्तरार्धात हे काम झाले. वडिलांच्या घरापासून आणि चित्रपटसृष्टीच्या शहरापासून अडीच हजार किलोमीटरच्या आसपास दूर राहण्याचा जॅनेटच्या आयुष्यातील हा नवा अनुभव होता.

सुरुवातीचे काही दिवस स्टुडिओत गाणे झालेच नाही. तिघे गप्पा मारत, शहरात फिरत, चित्रपट पाहत. लग्न, घरचे वातावरण, वडिलांशी असलेले संबंध, पुढे काय करायचे आहे, असे सगळे विषय बोलण्यात येत. जॅम यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की काही दिवसांनी त्यांनी जॅनेटला एका गाण्याचे शब्द दाखवले, तेव्हा आपण ज्यावर बोलत होतो तेच यात आहे, हे पाहून ती चकित झाली. आपण जे बोलू त्यावर गाणे होऊ शकते, हे तिला नवीन होते. हे गाणे म्हणजे अल्बमचे शीर्षकगीत ‘कंट्रोल’.

त्यानंतर ती गीतलेखनात उतरली. अल्बममध्ये एकूण नऊ गाणी आहेत आणि त्यांतील सात गाण्यांच्या रचनेत तिचे नाव आहे. सहनिर्माती म्हणूनही तिचा उल्लेख आहे. उरलेल्या दोनपैकी ‘द प्लेझर प्रिन्सिपल’ हे गाणे ‘द टाइम’मधील जुने सहकारी माँटी मॉयर यांनी लिहिले.

काम संपत आले असताना मक्लेन यांनी आणखी एका दमदार, ठेकेबाज गाण्याची मागणी केली. जॅम आणि लुईस यांनी स्वतःच्या नियोजित अल्बमसाठी काही गाणी राखून ठेवली होती. त्यांतले एक मक्लेन यांना आवडले. ते जॅनेटला साजेसे करून घेतले गेले. ‘व्हॉट हॅव यू डन फॉर मी लेटली’ हे ते गाणे. शेवटी आलेले हेच गाणे सर्वांत आधी प्रकाशित झाले आणि त्यानेच अल्बमला दार उघडून दिले.

ठेक्याची जडणघडण

‘कंट्रोल’ ऐकताना सर्वप्रथम जाणवतो तो ठेका. १९७० च्या दशकातील डिस्को संगीतात साधारणपणे मिनिटाला १२० च्या आसपास ठोके असत. प्रत्येक मात्रेवर मोठ्या ड्रमचा समान आघात होई आणि त्यावर व्हायोलिन व पितळी वाद्यांचा साज चढे. त्यातून एक सलग, तरंगता प्रवाह तयार होत असे. ‘कंट्रोल’मधील ठेका तुटक आहे. आघात अधिक जोरकस आहेत आणि आघातांमध्ये मोकळी जागा सोडलेली आहे. ‘नॅस्टी’ हे गाणे तर डिस्कोपेक्षा संथ आहे, तरीही ते अधिक आक्रमक वाटते. यामागे मोठा वाटा आहे तो दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडणाऱ्या कडक आघाताचा.

हा परिणाम साधण्यासाठी तेव्हा नव्याने उपलब्ध झालेली यंत्रे उपयोगी पडली.

ड्रम मशीन : यात ढोलकाचे आवाज साठवलेले किंवा विद्युत पद्धतीने निर्माण केलेले असतात. एका आवर्तनाचे समान भाग पाडून कोणत्या भागावर कोणता आघात हवा, हे बटणांनी ठरवता येते. एकदा बांधलेला ठेका यंत्र न थकता, न चुकता वाजवत राहते.

सिंथेसायझर : विद्युत संकेतांपासून सूर निर्माण करणारे वाद्य. या अल्बममध्ये खर्जातील बास आणि वरचे तुटक सूर बहुतांशी याच वाद्यावर वाजवलेले आहेत.

सॅम्पलर : प्रत्यक्षातील कोणताही आवाज नोंदवून तो पट्ट्यांवर वाजवू देणारे यंत्र. ‘नॅस्टी’मध्ये एन्सॉनिक कंपनीच्या ‘मिराज’ या सॅम्पलरचा वापर झाला. पूर्वी अशी यंत्रे फक्त बड्या स्टुडिओंना परवडत. ‘मिराज’ची किंमत दोन हजार डॉलरच्या आत होती.

यंत्रे स्वस्त झाल्याचा एक परिणाम येथे महत्त्वाचा ठरला. पूर्वी अशा अल्बमसाठी बराच मोठा वादकवृंद आणि महागडा स्टुडिओ लागे. तो खर्च कंपनी करत असल्याने निर्णयही कंपनीचे असत. आता दोन माणसे आपल्या शहरातील स्टुडिओत बसून जवळपास पूर्ण गाणे उभे करू शकत होती.

जॅनेटचा आवाज मोठ्या पल्ल्याचा नाही. त्याच काळात गाजू लागलेल्या व्हिटनी ह्यूस्टनसारखी दमदार तान तिच्याकडे नव्हती. जॅम आणि लुईस यांनी ही मर्यादा लपवण्याऐवजी तिच्या आवाजातील लय पुढे आणली. अनेक ठिकाणी ती गाते कमी आणि ठेक्यावर बोलते अधिक. हुंकार, हसू, मैत्रिणीशी चाललेला संवाद, गुरकावणे असे लहान लहान आवाजही वाद्यासारखे वापरले आहेत. हळुवार गाण्यांत तिचाच आवाज एकावर एक थर देऊन भरीव केलेला आहे.

गाणी काय सांगतात?

अल्बमची सुरुवात गद्य निवेदनाने होते. ही आपली स्वतःची कहाणी आहे, असे जॅनेट श्रोत्याला सांगते आणि मग ‘कंट्रोल’ सुरू होते. आईवडिलांचे ऐकत वाढलेली, प्रेमात पडल्यावर घाईने निर्णय घेतलेली आणि आता स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ पाहणारी मुलगी या गाण्यात भेटते. श्रोत्यांना तिच्या लग्नाची आणि घराण्याची माहिती वृत्तपत्रांतून होतीच. त्यामुळे हे गाणे आत्मकथन म्हणूनच ऐकले गेले.

‘नॅस्टी’मागे मिनियापोलिसमधील एक प्रसंग आहे. हॉटेलजवळ काही पुरुषांनी जॅनेटची छेड काढली आणि तिचा माग धरला. तिने घाबरून पळण्याऐवजी त्यांना सुनावले. सोबत अंगरक्षक नव्हते आणि आपल्याला आपणच सांभाळायचे आहे, हे तिला त्या वेळी कळले. गाण्यात ती पुरुषांना आपल्याशी एकेरीत, पहिल्या नावाने बोलू देत नाही. आपल्याला आडनावाने, मानाने संबोधावे, असे बजावते. ज्या आडनावाच्या सावलीत ती वाढली, तेच आडनाव येथे तिच्या स्वाभिमानाचे चिन्ह झाले, ही या गाण्यातील लक्षवेधी गोष्ट.

‘व्हॉट हॅव यू डन फॉर मी लेटली’मध्ये पूर्वी लाड करणारा आणि आता दुर्लक्ष करणारा प्रियकर हा विषय आहे. गाण्यापूर्वी जॅनेट आणि तिची मैत्रीण यांचा छोटा संवाद आहे. ‘द प्लेझर प्रिन्सिपल’मध्ये केवळ सुखसोयींवर टिकून असलेले नाते ती नाकारते. ‘व्हेन आय थिंक ऑफ यू’ हे मात्र निखळ आनंदाचे गाणे आहे. खेळत्या बासवर उभे असलेले हे गाणे अल्बममधील सर्वांत हलकेफुलके म्हणता येईल.

‘लेट्स वेट अव्हाइल’ हे संथ गाणे आहे. शारीरिक संबंधांची घाई नको, थोडे थांबू या, असे त्यात मुलगी सांगते. एड्सविषयी अमेरिकेत भीती पसरलेली असताना हे गाणे आल्याने त्याकडे विशेष लक्ष गेले. वरकरणी ते ‘नॅस्टी’च्या अगदी उलट वाटते. पण आपल्या शरीराबाबतचा निर्णय आपण घ्यायचा, हे सूत्र दोन्हींत समान आहे.

व्हिडिओ आणि नृत्य

एमटीव्ही ही संगीतवाहिनी १ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाली होती. सुरुवातीला तिच्यावर कृष्णवर्णीय कलाकार फारच कमी दिसत. १९८३ मध्ये मायकल जॅक्सनच्या व्हिडिओंनी ही स्थिती बदलायला सुरुवात केली. ‘कंट्रोल’ आला तेव्हा व्हिडिओ हे गाण्याच्या विक्रीचे मोठे साधन झाले होते.

जॅनेटच्या नृत्यासाठी पॉला अब्दुल हिची निवड झाली. ती तेव्हा लॉस एंजेलिस लेकर्स या बास्केटबॉल संघाच्या नृत्यपथकासाठी नृत्ये बसवत असे. ‘व्हॉट हॅव यू डन फॉर मी लेटली’च्या व्हिडिओत ती जॅनेटच्या मैत्रिणीच्या भूमिकेतही दिसते. ‘नॅस्टी’साठी तिने बसवलेल्या झटकेदार, कोनाकोनांच्या हालचालींना १९८७ च्या एमटीव्ही व्हिडिओ पुरस्कारांमध्ये सर्वोत्कृष्ट नृत्यदिग्दर्शनाचा मान मिळाला. पॉला अब्दुल पुढे स्वतः यशस्वी गायिका झाली.

‘द प्लेझर प्रिन्सिपल’चा व्हिडिओ अधिक साधा आहे. रिकाम्या, गोदामासारख्या जागेत जॅनेट एकटीच नाचते. सोबतीला नर्तक नाहीत आणि कथानकही नाही. खुर्चीवर पाय ठेवून ती कलती करत उतरण्याची हालचाल पुढे अनेकांनी उचलली. बॅरी लेथर यांच्या या नृत्यदिग्दर्शनाला १९८८ मध्ये एमटीव्हीचा पुरस्कार मिळाला. विशेष म्हणजे या अल्बमसाठी जॅनेटने संगीत दौरा काढला नाही. प्रेक्षकांनी तिचे नृत्य प्रामुख्याने पडद्यावरच पाहिले.

यश किती मोठे होते?

अमेरिकेत गाण्याची लोकप्रियता मोजण्यासाठी ‘बिलबोर्ड’ची ‘हॉट १००’ ही यादी प्रमाण मानली जाते. त्या काळी विक्री आणि रेडिओवरील प्रसारण यांवरून ती ठरत असे. अल्बममधील जे गाणे स्वतंत्र तबकडी म्हणून काढले जाते, त्याला ‘सिंगल’ म्हणतात. ‘कंट्रोल’मधून अमेरिकेत सहा सिंगल निघाले. ‘हॉट १००’ यादीतील त्यांचे सर्वोच्च क्रमांक असे :

व्हॉट हॅव यू डन फॉर मी लेटली – ४
नॅस्टी – ३
व्हेन आय थिंक ऑफ यू – १
कंट्रोल – ५
लेट्स वेट अव्हाइल – २
द प्लेझर प्रिन्सिपल – १४

म्हणजे एकाच अल्बममधील पाच गाणी पहिल्या पाचांत गेली. ‘व्हेन आय थिंक ऑफ यू’ ऑक्टोबर १९८६ मध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. मायकल आधीच तेथे पोहोचला होता. एकाच घरातील भाऊ आणि बहीण या दोघांनीही स्वतंत्र गायक म्हणून हा क्रमांक मिळवल्याचे हे पहिले उदाहरण ठरले. अल्बम जुलै १९८६ मध्ये ‘बिलबोर्ड’च्या अल्बम यादीत पहिला आला. तेव्हा जॅनेट २० वर्षांची होती. एकट्या अमेरिकेत त्याला ५० लाख प्रतींचे प्रमाणपत्र मिळाले.

आकड्यांइतकाच त्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. ‘बिलबोर्ड’ कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या पसंतीची वेगळी यादी काढत असे. त्या यादीत या अल्बममधील पाच गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. आधी कृष्णवर्णीय समाजाच्या घराघरांत पोहोचणारा अल्बम करायचा, ही जॅम आणि लुईस यांची भूमिका होती. गोऱ्या श्रोत्यांना रुचावे म्हणून ठेका सौम्य करण्याची तेव्हा प्रथा होती. येथे ते केले नाही आणि तरीही अल्बम सर्वदूर पोहोचला.

जॅम आणि लुईस यांना १९८७ च्या ग्रॅमी पुरस्कारांमध्ये वर्षातील सर्वोत्कृष्ट निर्माते हा सन्मान मिळाला. ‘कंट्रोल’ला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे नामांकन होते, पण तो पुरस्कार पॉल सायमनच्या ‘ग्रेसलँड’ला गेला.

ताबा नेमका कोणाचा?

या अल्बमवर घेतला जाणारा मुख्य आक्षेप असा की नाव ‘कंट्रोल’ असले तरी खरा ताबा निर्मात्यांचा होता. ठेके जॅम आणि लुईस यांनी बांधले, शीर्षकगीताची सुरुवात त्यांच्याकडून झाली आणि पहिला सिंगल मुळात त्यांनी स्वतःसाठी राखलेला होता. कोणते गाणे अल्बममध्ये यावे, याबाबत मक्लेन यांचाही शब्द चालला. वडिलांच्या जागी दुसरे पुरुष आले, एवढाच फरक, असे काहींचे म्हणणे आहे.

आक्षेपात तथ्य आहे. पण आधीच्या दोन अल्बमांशी तुलना केली की बदलही दिसतो. पूर्वी तयार गाणी तिच्यासमोर ठेवली जात. येथे आधी तिचे बोलणे ऐकले गेले आणि मग गाणी झाली. पूर्वी रचनाकार म्हणून तिचे नाव नव्हते. येथे बहुतेक गाण्यांवर ते आहे, आणि गीतकार म्हणून नाव असणे म्हणजे मानधनात कायमचा वाटा असणे. सोबत कोण काम करणार, हेही तिनेच मान्य केले होते. पॉप संगीत क्वचितच एकट्याने तयार होते. त्यात ताबा असणे म्हणजे सगळे स्वतः करणे नव्हे, तर आपल्या नावावर काय जाणार हे ठरवण्याचा अधिकार असणे, असा अर्थ येथे अधिक लागू पडतो.

या अधिकाराची खरी परीक्षा पुढच्या अल्बमला झाली. कंपनीला ‘कंट्रोल’चाच दुसरा भाग हवा होता. जॅनेटने नकार दिला आणि वंशभेद, गरिबी, अंमली पदार्थ अशा विषयांवरील ‘रिदम नेशन १८१४’ हा अल्बम जॅम आणि लुईस यांच्यासोबतच केला. १९८९ मध्ये आलेल्या या अल्बममधील सात गाणी ‘हॉट १००’च्या पहिल्या पाचांत गेली. १९९० मध्ये तिने आपला पहिला स्वतंत्र दौरा काढला. १९९१ मध्ये व्हर्जिन रेकॉर्ड्सशी तिने केलेला करार त्या काळातील सर्वांत मोठ्या करारांपैकी एक होता.

नंतरच्या संगीतावरील प्रभाव

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ‘न्यू जॅक स्विंग’ नावाची शैली लोकप्रिय झाली. हिपहॉपचे कडक ठेके आणि भावगीतासारखे मधुर गायन यांचा त्यात मेळ असतो. टेडी रायली हा तिचा प्रमुख शिल्पकार मानला जातो. ‘कंट्रोल’मधील ठेके या शैलीची पूर्वतयारी ठरले, असे संगीत अभ्यासक मानतात.

दुसरा प्रभाव सादरीकरणावर पडला. काटेकोर सामूहिक नृत्य, ठेक्यावर बोलल्यासारखे गायन आणि स्वतःच्या आयुष्यातील टप्पा हाच अल्बमचा विषय, ही मांडणी पुढे अनेक गायिकांनी स्वीकारली. आज एखाद्या पॉप गायिकेचा नवा अल्बम तिच्या स्वातंत्र्याची घोषणा म्हणून मांडला जातो, तेव्हा तो याच वाटेने जात असतो.

अल्बममधील शब्द अजूनही विस्मरणात गेलेले नाहीत. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतील वादसभेत डोनाल्ड ट्रम्प यांनी हिलरी क्लिंटन यांना उद्देशून ‘नॅस्टी’ हा शब्द वापरला. त्यानंतर स्पॉटिफाय या सेवेवर जॅनेटचे ‘नॅस्टी’ ऐकण्याचे प्रमाण २५० टक्क्यांनी वाढले. छेड काढणाऱ्यांना सुनावण्यासाठी लिहिलेले गाणे ३० वर्षांनी नव्या श्रोत्यांनी पुन्हा शोधून काढले.

जॅनेट जॅक्सनचा २०१९ मध्ये, तर जॅम आणि लुईस यांचा २०२२ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. तिघांनी १९८५ मध्ये मिनियापोलिसमध्ये सुरू केलेली भागीदारी पुढे अनेक अल्बम टिकली.